राजाराम महाराजांची रोजनिशी

आजऱ्याहून कोल्हापुरास गेलेला विद्यार्थी अंबाबाईच्या देवळांतून बाहेर पडून भवानी मंडपांत आला, म्हणजे तेथील दगडी बांधणीची भव्य शाळा त्याच्या दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहीं. ही शाळा आणि तिच्यांतून पुढें वाढलेलें कॉलेज हीं दोन्ही राजाराम या नांवानें ओळखिलीं जातात. परंतु हे राजाराम महाराज कोण, असें विचारलें तर पुष्कळांचा घोंटाळा होतो. कोणास शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, जिंजीच्या किल्ल्यांतून मोंगलांशीं झुंजलेले राजाराम महाराज आठवतात. कोणास शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ पासून १९४० पर्यंत कोल्हापूरच्या गादीवर असलेले राजाराम महाराज आठवतात. शाळेस ज्यांचें नांव मिळालें ते या दोघांच्या मधल्या काळांतले. त्यांस पुरतीं एकवीस वर्षेंहि आयुष्य लाभलें नाहीं. त्यांनीं लढाई मारली नाहीं, कीं स्वतंत्रपणें राज्यकारभार करण्याची संधि त्यांस मिळाली नाहीं. मागें राहिली ती त्यांच्या हातची एक लहानशी रोजनिशी. त्या रोजनिशीमुळें हें अल्प आयुष्य आजहि वाचण्यासारखें झालें आहे.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० सालीं पाटणकरांच्या घराण्यांत झाला. त्यांचें जन्मनांव नागोजीराव. त्या वेळीं कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी महाराज, ज्यांस बाबासाहेब म्हणत, ते होते. नागोजीराव हे त्यांच्या बहिणीचे चिरंजीव. बाबासाहेब महाराजांस पुत्र नव्हता. साताऱ्याच्या गादीचा दत्तक नामंजूर करून इंग्रज सरकारनें १८४८ सालीं तें राज्य खालसा केलें होतें. त्यामुळें निपुत्रिक राजाच्या घरीं काय चिंता असे, हें सांगावयास नको. सुदैवानें १८६२ सालीं कोल्हापूरकरांस दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला होता. १८६६ च्या ऑगस्ट महिन्यांत बाबासाहेब महाराज निवर्तले. तत्पूर्वीं त्यांनीं भाच्यास दत्तक घेतलें आणि सोळा वर्षांचे नागोजीराव राजाराम महाराज या नांवानें छत्रपति झाले.

गादी मिळाली तरी सत्ता हातीं आली नव्हती. महाराज अज्ञान असल्यामुळें कारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालीं चाले. शिवाय कोल्हापूर दरबारावर एक जुनी छाया होती. १८५७ च्या उठावांत कोल्हापुरांतहि शिपायांनीं बंड केलें. त्या प्रकरणांत बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांच्यावर सरकारचा संशय गेला आणि त्यांस दूर कराचीस नेऊन नजरकैदेंत ठेविलें. ते पुन्हां कोल्हापुरास परतले नाहींत. १८६९ सालीं कराचीसच त्यांचा अंत झाला. नात्यानें ते नव्या छत्रपतींचे चुलते. अशा घरांतील तरुण मुलानें मान खालीं घालून ऐषआरामांत दिवस काढले असते, तरी कोणास नवल वाटलें नसतें.

राजाराम महाराजांनीं वेळ दवडला नाहीं. ते अभ्यासाकडे वळले. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था जमशेटजी नवरोजी उनवाला या पारशी गृहस्थांकडे होती. त्यांच्या हाताखालीं महाराजांनीं इंग्रजी भाषा इतकी आपलीशी केली कीं, ते ती वाचीत, बोलत आणि तींत लिहीतहि असत. तो काळ आपण ध्यानांत घेतला पाहिजे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालीं निघाली होती. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ पुस्तकरूपानें पुरी व्हावयाची होती. हरि नारायण आपटे हे लहान मूल होते. मराठींत भूगोल, प्रवास, शास्त्र या विषयांचीं पुस्तकें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकींच होतीं. ज्याला दूरच्या जगाची ओढ असे, त्याला इंग्रजी पुस्तक हेंच काय तें द्वार होतें. त्या द्वारांतून महाराजांनीं जें पाहिलें, तें प्रत्यक्ष पाहावें, ही इच्छा त्यांच्या मनांत दृढ होत गेली.

हल्लीं परदेशीं जाणें ही घरोघरची गोष्ट झाली आहे. आपल्या तालुक्यांतील मुलेंमुलीहि शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं समुद्रापार आहेत. म्हणून त्या काळीं हा बेत किती धाडसाचा होता, याची कल्पना आज सहज येत नाहीं. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला, जात गेली, असें मानणारे लोक पुष्कळ होते. मराठी मुलुखांतून विलायतेस पूर्वीं कोणी गेलेच नव्हते असें नाहीं. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते हे आपल्या धन्याचें राज्य परत मिळावें म्हणून लंडनास गेले आणि सुमारें चौदा वर्षें तेथें दाद मागत राहिले. परंतु त्यांचें जाणें फिर्यादीचें जाणें होतें. चिमासाहेबांस समुद्रमार्गें कराचीस जावें लागलें, तें शिक्षा म्हणून. राजाराम महाराज निघाले ते फिर्याद घेऊन नव्हे कीं कैदी म्हणूनहि नव्हे. परमुलूख कसा आहे, तेथील लोक कसे राहतात, काय शिकतात, राज्य कसें चालवितात, हें पाहण्यासाठीं ते आपल्या इच्छेनें निघाले. सत्ताधारी घराण्यांतल्या हिंदु राजांपैकीं ज्यांनीं अशा हेतूनें विलायतेचा प्रवास केला, त्यांत त्यांची गणना अगदीं पहिल्यांत होते. चुलत्याच्या मृत्यूस अवघें एक वर्ष लोटलें होतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या निश्चयाचें मोल अधिकच वाढतें.

१८७० च्या मे महिन्यांत महाराज मुंबईहून आगबोटींत बसले. कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी त्यांच्याबरोबर पालक म्हणून होते. आपलीं माणसेंहि त्यांनीं बरोबर घेतलीं होतीं. सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरांत नुकताच खुला झाला होता आणि हिंदुस्थान व युरोप यांमधील अंतर एकाएकीं कमी झाल्यासारखें सर्वांस वाटत होतें. जून महिन्यांत मंडळी लंडनास पोहोंचली. त्याच महिन्याच्या ९ तारखेस चार्लस डिकन्स हा इंग्रजांचा अत्यंत लाडका कादंबरीकार मृत्यु पावला होता आणि त्यास वेस्टमिन्स्टर ॲबे या मंदिरांत, राजे व सेनापति यांच्या सान्निध्यांत, चिरविश्रांति मिळाली होती. एका कादंबरीकाराच्या मृत्यूनें सारें राष्ट्र हळहळतें, असा तो देश होता. आपल्याकडे कादंबरी हा वाङ्मयप्रकार पाळण्यांतच होता, त्या वेळची ही गोष्ट.

लंडनांत महाराजांनीं रोजनिशी नेमानें लिहिली. ती त्यांनीं स्वतः इंग्रजींत लिहिली. आज कोठें गेलों, कोण भेटले, काय पाहिलें, एवढेंच बहुधा तींत असे. वाक्यें लहान, साधीं. अलंकार नाहींत, पांडित्याचा आव नाहीं. विसाव्या वर्षीं परक्या भाषेंत लिहिणाऱ्या मुलाकडून याहून अधिक अपेक्षा करणें योग्यहि नव्हे. परंतु या साधेपणांतच तिची गोडी आहे. दिवसभराच्या धांवपळीनें थकलेला एक तरुण राजा रात्रीं दिव्यापाशीं बसून आपला दिवस कागदावर उतरवितो, हें चित्र तिच्या पानापानांतून उभें राहतें. दुसऱ्यानें सांगितलेलें लिहिणें सोपें. आपण पाहिलेलें नेमकें लिहिणें कठीण. तें कठीण काम त्यांनीं रोज केलें.

त्या चार-पांच महिन्यांत महाराजांनीं पाहिलें नाहीं असें थोडेंच राहिलें. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. पार्लमेंटाचीं सभागृहें पाहून झालीं. संग्रहालयें, नाट्यगृहें, विद्यापीठांचीं नगरें यांची यात्रा झाली. मेजवान्यांचीं व नृत्याचीं निमंत्रणें आलीं. पुढें स्कॉटलंडांतहि जाणें झालें. दरबारी इतमामांत वाढलेल्या राजपुत्रास तेथील एक गोष्ट विशेष नवी होती. आपल्याकडे राजा बोलतो आणि दरबार ऐकतो. तेथें प्रधानासहि उभें राहून विरोधकांच्या प्रश्नांस उत्तर द्यावें लागे. राज्यकारभाराचा हा पाठ कोणत्याहि पुस्तकापेक्षां डोळ्यांनींच अधिक चांगला शिकतां येतो.

योगायोग असा कीं, त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडच्या पार्लमेंटांत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याची चर्चा चालली होती. ऑगस्ट १८७० मध्यें तो कायदा झाला आणि जेथें शाळा पुरेशा नव्हत्या तेथें लोकनियुक्त मंडळांनीं त्या काढाव्या, असें ठरलें. म्हणजे ज्या देशाकडे आपण सुधारलेला देश म्हणून पाहत होतों, त्या देशांतहि गरिबाच्या मुलास शाळा मिळावी म्हणून त्याच वेळीं धडपड चालली होती. सुधारणा ही कोणत्याहि देशास जन्मतः मिळत नाहीं, ती प्रत्येक पिढीस मिळवावी लागते, हें अशा प्रसंगावरून कळतें.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. राजास परक्या देशांत जें दाखविलें जातें, तें बहुधा त्या देशाचें उजळलेलें अंग असतें. दिवाणखाने, राजवाडे, समारंभ हे त्याच्या वांट्यास येतात. धुरानें काळवंडलेल्या गल्ल्या आणि खाणींतले मजूर हे दूरच राहतात. डिकन्ससारख्या लेखकानें आपल्या कादंबऱ्यांतून जें लंडन दाखविलें, तें पाहुण्यांच्या गाडीच्या खिडकींतून सहसा दिसत नसे. म्हणूनच प्रवासास वाचनाची जोड हवी आणि वाचनास प्रवासाची. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघते. महाराजांजवळ दोहोंचीहि आवड होती. कमी पडलें तें आयुष्य.

या रोजनिशींत युरोपच्या इतिहासाची घरघरहि दूरवरून ऐकूं येते. १८७० च्या जुलै महिन्यांत फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें. सप्टेंबरांत सेदानच्या लढाईनंतर फ्रेंच बादशहा शत्रूच्या हातीं सांपडला आणि पॅरिस शहरास वेढा पडला. युरोपांत सर्वांत नटलेलें म्हणून ज्याची ख्याति, तें शहर अन्नाला मोताद झालें. महाराजांनीं परतीचा मार्ग धरला, तेव्हां पॅरिसची वाट बंद होती. मंडळी बेल्जम, जर्मनी व टायरॉलच्या डोंगराळ प्रदेशांतून इटलीकडे निघाली. हिंवाळा तोंडावर आला होता. आल्प्सच्या थंडींतील त्या प्रवासांत महाराजांची प्रकृति बिघडली आणि ते फ्लॉरेन्स शहरीं पोहोंचले ते आजारी स्थितींतच.

फ्लॉरेन्स हें इटलींतील विद्या व कला यांचें माहेरघर. दांते हा महाकवि येथला. मायकेल अँजेलोचें बालपण व शिक्षण येथलें. गॅलिलिओची समाधि येथें. त्या वर्षीं तें इटलीच्या राज्याची राजधानीहि होतें. रोम नुकतेंच इटलीच्या हातीं आलें होतें आणि राजधानी तेथें जावयाची होती. असें शहर पाहावयास महाराजांसारखा जिज्ञासु प्रवासी एरवीं किती उत्सुक झाला असता! परंतु तें त्यांच्या नशिबीं नव्हतें. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांनीं फ्लॉरेन्स येथें देह ठेविला. वय अवघें वीस वर्षांचें. घर हजारों कोस दूर. भोंवतीं परकी भाषा. आणि ज्यांनीं धन्यास सुखरूप परत न्यावयाचें, ते सेवक दिङ्मूढ झालेले.

आतां प्रश्न अंत्यविधीचा होता. इटलींत त्या काळीं प्रेतदहनाची चाल नव्हती. तरीहि फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनें खास परवानगी दिली. आर्नो नदीस जेथें मुन्योने हा ओढा मिळतो, त्या संगमाची जागा निवडण्यांत आली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ ज्याचें राज्य, त्याला अखेरीस संगमच मिळाला. कासिने या विस्तीर्ण उपवनाच्या टोंकाशीं, नदीकांठीं, रात्रीच्या वेळीं चिता रचली गेली आणि हिंदु रीतीप्रमाणें दहनविधि झाला. आपणांपैकीं ज्यांनीं रामतीर्थावर उभें राहून हिरण्यकेशीचा प्रवाह पाहिला असेल, त्यांस परदेशच्या नदीकांठीं त्या सेवकांच्या मनाची स्थिति काय झाली असेल, हें सांगावें लागणार नाहीं. परंतु त्याच रात्रीं दुसरीहि एक गोष्ट घडली. ज्या शहरास हा विधि सर्वस्वीं नवखा, त्यानें परक्या पाहुण्याच्या धर्माचा मान राखिला.

त्या जागीं १८७४ सालीं एक छत्री उभारण्यांत आली. तिचा आराखडा चार्लस मँट या शिल्पज्ञाचा; छत्रीखालचा महाराजांचा अर्धपुतळा फुलर या मूर्तिकाराचा. पागोटें, दागिने, अंगावरील वस्त्रें हीं सर्व त्यांत रंगवून दाखविलेलीं आहेत. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानें आंखला, तोच हा मँट. म्हणून या छत्रीची घडण पाहून कोल्हापूरकरांस ओळखीचें वाटतें. फ्लॉरेन्सचे लोक तिला ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी मनुष्याची जागा, असें म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत तेथून जवळच आर्नोवर एक मोठा आधुनिक पूल बांधला गेला, त्यालाहि तेंच नांव मिळालें. आज त्या पुलावरून नित्य जाणाऱ्या कित्येकांस हा हिंदी मनुष्य कोण, हें ठाऊक नसेल; परंतु त्याचें नांव तोंडीं घेतल्यावांचून त्यांस आपल्या घरचा रस्ता सांगतां येत नाहीं.

या मृत्यूनें समुद्रपर्यटनाच्या विरोधकांस आयतेंच कोलीत मिळण्यासारखें होतें. राजा समुद्र ओलांडून गेला आणि परत आला नाहीं, एवढें म्हटलें कीं पुष्कळांचें पाऊल मागें फिरलें असतें. पण तसें झालें नाहीं. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनीं १८७२ सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध केली. कोल्हापुरांतील त्यांच्या नांवाच्या शाळेच्या इमारतीची कोनशिला १८७० सालींच मुंबईचे गव्हर्नर सर सीमोर फिट्झजेराल्ड यांनीं बसविली होती. १८८० सालीं त्या शाळेस कॉलेजाचे वर्ग जोडले गेले. तेथें शिकलेल्या विद्यार्थ्यांत गोपाळ कृष्ण गोखले हे एक. १८९७ सालीं तेहि समुद्र ओलांडून विलायतेस गेले आणि वेल्बी कमिशनापुढें हिंदुस्थानच्या खर्चाची बाजू त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडली. पुढें याच कॉलेजांत कवि माधव जूलियन व कादंबरीकार ना. सी. फडके यांनीं अध्यापन केलें आणि पाश्चात्य व पौर्वात्य वाङ्मयाची गोडी विद्यार्थ्यांस लाविली.

राजघराण्यानेंहि ही वाट सोडली नाहीं. शाहू महाराज १९०२ सालीं इंग्लंडास गेले आणि केंब्रिज विद्यापीठानें त्यांस सन्मानाची पदवी दिली. १९१७ सालीं त्यांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. आपल्या आजऱ्याचा संबंध तर याहून जवळचा आहे. आजरा महाल इचलकरंजीच्या जहागिरींत मोडत असे. या जहागिरीचे अधिपति नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं १९१३ सालीं युरोपचा प्रवास केला आणि इंग्रजांच्या राहणीविषयीं व स्वभावाविषयीं आपलीं निरीक्षणें इंग्रजी पुस्तकाच्या रूपानें पुढच्याच वर्षीं छापलीं. पहिल्या प्रवाशाच्या चितेपासून तीन-चार तपांच्या आंत त्याच प्रदेशांतील दुसरा प्रवासी तशीच लेखणी घेऊन निघतो, यावरून पहिल्याचें जाणें फुकट गेलें नाहीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांतून घेण्यासारखा बोध मोठा गहन नाहीं. तो आपल्या हातच्या गोष्टींचा आहे. महाराजांजवळ धन होतें, मान होता, सेवक होते. यांपैकीं आज आपल्यापर्यंत कांहींच पोहोंचलें नाहीं. पोहोंचलें तें एवढेंच कीं, त्यांनीं जाण्यापूर्वीं वाचलें, गेल्यावर डोळे उघडे ठेवून पाहिलें आणि पाहिलेलें त्याच दिवशीं लिहून ठेविलें. ही तीन कामें करण्यास राजा असावें लागत नाहीं कीं युरोपास जावें लागत नाहीं. आंबोलीच्या घाटांतून कोंकणांत उतरतांना वाटेंत झाडें कशीं पालटतात, आठवड्याच्या बाजारांत कोणत्या गांवचें धान्य येतें, घनसाळ तांदुळाचें शेत पेरल्यापासून कापणीपर्यंत कसकसें दिसतें, हें लिहून ठेवणारा विद्यार्थी त्याच मार्गावर असतो. पालकांनींहि मुलाच्या हातीं एक कोरी वही दिली आणि अधूनमधून ती प्रेमानें वाचली, तर त्याच्या शिक्षणास तें मोठेंच साह्य होईल.

कोल्हापुरास जाल तेव्हां भवानी मंडपांतील त्या शाळेकडे क्षणभर थांबून पाहा. तिच्या नांवांत एका वीस वर्षांच्या तरुणाची जिज्ञासा आहे. त्याचा देह आर्नोच्या कांठीं राहिला. त्यानें पाहिलेलें जग त्याच्या हस्ताक्षरांतून घरीं परत आलें.